फाटकाच्या आतला अपघात

१

सुनील पारधी गाडीखाली सापडून मेला, त्याच्या पाचव्या दिवशी विमा कंपनीनं दर्शना ओव्हाळला फोन केला.

दर्शना खोपोलीची. वय त्रेचाळीस. गेली सोळा वर्षं ती विमा कंपन्यांसाठी दाव्यांची तपासणी करत होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले टेंपो, घाटात उलटलेले ट्रक, सगळं तिनं पाहिलं होतं. हे मात्र नवीन होतं.

"गोल्फ कार्ट," फोनवरचा माणूस म्हणाला. "बंगल्याच्या आवारात फिरायची बॅटरीची गाडी. माळी चालवत होता, बागेच्या भिंतीवरून खाली पडली आणि माळी गेला. मालकानं दोन दावे लावलेत. एक गाडीचा, एक माळ्याच्या बायकोसाठी. सरळ प्रकरण आहे, मॅडम. बघून या आणि लिहून टाका."

कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या उतारावर बावीस बंगल्यांची वसाहत होती. डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर कच्चा चढ, मग मोठं लोखंडी फाटक. चौदा नंबरचा बंगला सगळ्यात वर. मालक कारखानीस साहेब, ठाण्याचे निवृत्त इंजिनिअर, एकोणसत्तर वर्षांचे. गुडघे गेलेले. वसाहतीत चढउतार करता यावा म्हणून त्यांनी ही गाडी घेतली होती.

बागेच्या टोकाला आठ फूट उंचीची दगडी भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली गाडी आडवी पडली होती. चार माणसांची, पांढरी. टप वाकलेला. समोरची पारदर्शक काच फुटलेली, एका स्क्रूला तिचा कोपरा तेवढा लटकत होता.

"त्या दिवसापासून कोणी हात लावलाय?" दर्शनानं विचारलं.

"कोणीही नाही," कारखानीस काठीवर भार देत वरून म्हणाले. "पोलिसांनी पंचनामा केला आणि ताडपत्री टाकायला सांगितली. मी त्या बाबतीत काटेकोर आहे."

दर्शनानं चालकाच्या सीटची गादी उचलली. खाली बॅटऱ्या होत्या आणि कडेला अंगठ्याएवढा एक खटका. निघण्याआधी तिनं या गाडीचं माहितीपुस्तक वाचून काढलं होतं. खटक्याला दोन जागा असतात, एक चालवायची आणि दुसरी ओढायची. गाडी बंद पडली आणि दोरी बांधून न्यायची झाली, की खटका दुसरीकडे करतात. मग चाकं मोकळी फिरतात, पण मोटर चालत नाही. पायाखालचा दट्ट्या कितीही दाबला तरी गाडी जागची हलत नाही.

तिनं खाली वाकून नीट पाहिलं.

खटका ओढायच्या जागेवर होता.

तिनं मान वर करून बागेकडे पाहिलं. हिरवळ टेबलासारखी सपाट होती आणि भिंतीच्या कडेला तर वीतभर उंच मातीचा बांध होता. गाडी आपोआप घरंगळत येऊन खाली पडणं शक्य नव्हतं, आणि या खटक्यावर ती कोणाला चालवताही आली नसती.

२

व्हरांड्यात कारखानिसांनी विम्याचे कागद आधीच काढून ठेवले होते. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"लोक सही करतात आणि मग वाचतात," ते म्हणाले. "मी आधी वाचतो. अशा गाड्यांना रस्त्याची नोंदणी नसते. म्हणजे नेहमीचा वाहनविमा नाही. घराच्या विम्याला जोडून वेगळा घ्यावा लागतो आणि काय घ्यायचं ते आपण ठरवायचं. मी गाडीचं नुकसान घेतलं, आग घेतली, चोरी घेतली. शिवाय गाडीमुळे दुसऱ्या कोणाला, नोकरमाणसासकट, इजा झाली तर त्याची भरपाई."

"कुठेही?"

"वसाहतीच्या मुख्य फाटकाच्या आत." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "मालक किंवा मालकाच्या परवानगीनं कोणीही चालवत असलं तरी लागू. सुनीलला माझी परवानगी होती. सकाळी शेणखताच्या गोण्या बागेच्या टोकाला न्यायला मीच सांगितलं होतं. त्या घराला पैसे मिळाले पाहिजेत, ओव्हाळबाई. त्यात मी काही कसूर ठेवलेली नाही."

"गोण्या कुठे आहेत?"

"अं?"

"गाडीत किंवा भिंतीखाली गोण्या दिसल्या नाहीत."

"खाली करून परत येत असेल." त्यांनी कागद पुन्हा ओळीत लावले. "मी आत वाचत बसलो होतो. आवाज आला तेव्हा धावलो. म्हणजे, माझ्या परीनं धावलो."

त्यांची मुलगी सोनाली चहा घेऊन आली. अडतीस वर्षांची, ठाण्याला राहणारी, आठवड्यासाठी वडिलांकडे आलेली. मार्चच्या त्या उकाड्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता घातला होता. ट्रे ठेवताना डावा हात तिनं जपून वळवला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"हाताला काय झालं?"

"योगा करताना," सोनाली म्हणाली आणि वडिलांकडे पाहिलं.

"तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"आत. स्वयंपाकघरात."

"ती आतच होती," कारखानीस म्हणाले.

जाण्याआधी दर्शना पुन्हा भिंतीखाली उतरली. तिनं गाडीभोवतीची जमीन पावलापावलानं पाहिली. समोरची काच म्हणजे जाड प्लास्टिकचा मोठा पत्रा होता. तो फुटला तर त्याचे तुकडे तिथेच पडायला हवे होते. तिला एक आरशाचा तुकडा मिळाला, टपाच्या रंगाचे टवके मिळाले.

समोरच्या काचेचा एकही तुकडा नव्हता.

३

सुनीलचं घर टेपाच्या वाडीत होतं, वसाहतीपासून डोंगराच्या अंगानं पाऊण तास चालत. वीस-पंचवीस कुडाची घरं, मध्ये एक बोअरिंग. सुनीलची बायको सुनिता दारात बसली होती. तिशीची असेल. तिनं दर्शनाला बसायला पोतं अंथरलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमी कंपनीच्या?"

"कंपनीनं पाठवलंय. पण मी बघायला आलेय, काय झालं ते."

"लोकं म्हंत्यात पिऊन व्हता." सुनिता जमिनीकडे बघत बोलत होती. "तो पीत नव्हता, ताई. होळीला पन नाय."

"दवाखान्याच्या कागदातही तसं काही नाही. मी वाचलाय. मला एक सांग, त्याला गाडी चालवता यायची?"

सुनितानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्याला? त्याला सायकल पन येत नव्हती. त्या गाडीत बसायलाच भ्यायचा. मागं हुबा ऱ्हायाचा, दांडीला धरून."

"कारखानीस साहेब म्हणतात, तो खताच्या गोण्या नेत होता."

"मला तर सकाळी म्हनला, सोनालीताईंना गुलाबाची रोपं आनायची हायत. त्यांच्यासंगं जायचंय खाली नर्सरीत."

दर्शनाची लिहिती बोटं थांबली. नर्सरी डांबरी रस्त्यावर होती. फाटकाच्या बाहेर, चढ उतरून.

अंगणात सुनीलची आई चिंधी पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर एक खाकी सदरा होता. दवाखान्यातून परत मिळालेला, तसाच, डाग वाळून काळे झालेला. ती नखांनी त्यातून काहीतरी उपसून काढत होती आणि बाजूला ढीग करत होती.

दर्शना तिच्याजवळ जाऊन बसली. वाळलेल्या गवताची कुसळं होती. पाठीत, बाह्यांत, कॉलरच्या आत, शेकड्यानं रुतलेली.

"धुवायच्या आदी काढतंय," चिंधी म्हणाली. "टोचतील."

कोणाला टोचतील, ते तिनं सांगितलं नाही.

दर्शनानं एक कुसळ उचलून तळहातावर घेतलं. चौदा नंबरच्या बागेत आखूड कापलेली हिरवळ होती आणि भिंतीखाली वाळू अंथरलेली. अख्ख्या वसाहतीत फाटकाच्या आत वाळलेलं गवत राहू देत नसत. आग लागेल म्हणून गेल्याच महिन्यात सगळं काढलं होतं.

"आजी, हा सदरा धुऊ नका," ती म्हणाली.

चिंधीनं तो छातीशी धरला. "मंग काय करू?"

४

विम्याचा एजंट सुमित कर्जतला मोबाइलच्या दुकानात बसायचा. पंचविशी ओलांडलेला, बोलका. चौदा नंबरचं नाव काढताच त्याचा बोलकेपणा गेला.

"मी सगळं सांगितलं होतं, मॅडम. हा बघा फॉर्म. सहा चौकोन आहेत. सरांनी चारांवर खूण केली. पाचवा, गाडीत बसलेल्यांचा दवाखाना, त्यांना नको होता. आणि हा सहावा."

सहाव्या चौकोनासमोर लिहिलं होतं, मुख्य फाटकाबाहेरचा वापर. त्यावर पेन्सिलीची सरळ रेघ होती.

"मी म्हटलं, सर घेऊन टाका, हप्त्यात नावापुरता फरक पडतो. नर्सरी आहे, देऊळ आहे, कधीतरी गाडी खाली जाणारच. सर म्हणाले, सुमित, जे होणारच नाही त्याचा विमा मूर्ख माणसं घेतात. माझी गाडी फाटकाबाहेर जाणार नाही." त्यानं फॉर्म मिटला. "अडाणी गिऱ्हाईक असतं तर मी जबरदस्तीनं गळ्यात मारलं असतं. ते एवढं वाचणारे. मी काय बोलणार?"

"त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं झालं होतं?"

दुकानात एक बाई मोबाइलचं कव्हर बघत होती. ती जाईपर्यंत सुमितनं वाट पाहिली.

"फोन आला होता. मला वाटलं सहज विचारतायत."

"काय विचारलं?"

"गाडी समजा फाटकाबाहेर असताना कोणाला लागलं, तर भरपाई मिळते का. मी म्हटलं, नाही सर, तो चौकोन तुम्ही काढून टाकला होता. आत असती तर मिळाली असती. ते म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला."

"किती वाजता?"

त्यानं मोबाइल काढला, बोटानं यादी खाली सरकवत नेली आणि पडदा तिच्यासमोर धरला.

अकरा वाजून सव्वीस मिनिटं.

दर्शनाच्या वहीत पोलिसांच्या कागदावरून उतरवलेली दुसरी वेळ होती. रुग्णवाहिकेला पहिला फोन बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी झाला होता. पोलिसांना त्याच्यानंतर.

"मॅडम," सुमित म्हणाला, "तो तेव्हा मेलेला होता ना? मी फोनवर बोलत होतो तेव्हा?"

दर्शनानं तिथूनच शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर घाईत होते, पण नेमकं बोलले. कमरेचं हाड मोडलं होतं आणि पोटात रक्तस्राव झाला होता. असा माणूस एका क्षणात जात नाही. तास, दीड तास जातो. लवकर आणला असता तर वाचला असता का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

फोन ठेवला तेव्हा सुमित अजून तिच्याकडेच बघत होता. तिनं वही पिशवीत टाकली आणि ती दुकानाबाहेर पडली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्कूटर डांबरी रस्त्याला लावली आणि कच्चा चढ पायी चढायला घेतला. मध्यावर रस्ता एकदम वळत होता आणि वळणावर ओहोळाची मोरी होती. दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळलेलं गवत. मोरीच्या खालच्या अंगाला ते गवत एका पट्ट्यात झोपलं होतं, कोणीतरी तिथे मोठं भांडं पालथं घातल्यासारखं.

ती खाली उतरली. चार पावलं चालेपर्यंत तिच्या साडीला कुसळं चिकटली. पाचव्या पावलाला पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. पारदर्शक जाड प्लास्टिकचा तुकडा. त्याच्या पलीकडे दुसरा, मग हाताएवढा तिसरा. दगडांवर पांढरा रंग घासलेला होता.

"मला वाटलंच व्हतं तुमी हितं येनार."

वर मोरीच्या कठड्याशी वसाहतीचा रखवालदार कोंडाजी उभा होता. साठीचा, अंगात मळकट गणवेश, टोपी हातात. चौकशीच्या पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं की आपण फाटकावर होतो आणि काही पाहिलं नाही.

"कोण चालवत होतं, कोंडाजी?"

"सोनालीताई." तो कठड्यावर बसला. "सुनील मागं हुबा व्हता. उतारावर गाडी पळाली. हितं वळली नाय. गाडी त्याच्यावर आन ताई बाजूला. ताईंनी साहेबांना फोन केला. साहेबांनी मला कचऱ्याचा ट्रॅक्टर काढाया लावला, आन सोता ट्रालीत बसून आले."

"सुनील जिवंत होता?"

"बोलत व्हता."

दर्शना गवतातून वर आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिनं वही उघडली नाही.

"आमी ट्रॅक्टरनं वढून गाडी सरळ केली. साहेबांनी कोनाला तरी फोन लावला. मंग म्हनले, कोंडाजी, हे आत व्हायाला पायजे व्हतं. आत नेऊ, मंग अँब्युलन्स बोलवू. त्याच्या बायकोचं भलं व्हईल. सीटखाली काय तरी केलं आन दोरी बांधली." त्यानं टोपी मुठीत चुरगळली. "सुनीलला मी ट्रालीत घातला. ट्रालीत, बाई. त्याच ट्रालीतनं कशेळ्याच्या दवाखान्यात नेला असता तर पंधरा मिंटं लागली असती. मी ट्रॅक्टर वर घेतला."

"का?"

"साहेब म्हनले वर घे." त्याला दुसरं काही सुचलं नसावं. "बागेत दोरी सोडली, गाडी भिंतीवरनं ढकलली. त्याला खाली नेऊन ठेवला. त्यानं पानी मागितलं. साहेब म्हनले, पोटाला लागलेल्याला पानी देत नाय. दोनदा मागितलं. मी दिलं नाय."

६

कारखानिसांनी तिचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. सोनाली खांबाला टेकून उभी होती.

"खटका ओढायच्या जागेवर आहे," दर्शना म्हणाली. "म्हणजे गाडी इथपर्यंत ओढून आणली. सपाट बागेत, बांधावरून, ती कोणीतरी ढकलली. खटक्याची माहिती माळ्याला किंवा रखवालदाराला नव्हती. इंजिनिअरला होती. समोरच्या काचेचे तुकडे इथे नाहीत, मोरीखाली आहेत. सुनीलच्या सदऱ्यातली कुसळं तिथल्या गवताची आहेत. तुमच्या मुलीचा हात योगा करताना दुखावलेला नाही. आणि तुम्ही साडेअकराच्या आत सुमितला विचारलं की फाटकाबाहेर भरपाई मिळते का. रुग्णवाहिका बोलावली पावणेएकला. मधला सव्वा तास तुम्ही अपघात फाटकाच्या आत आणत होता."

"कोंडाजी बोलला."

"हो. पण तो बोलला नसता तरी एवढं पुरेसं होतं."

कारखानिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"मला वाटलं, एवढा वेळ त्याच्याकडे आहे," ते म्हणाले. "मोठ्यानं बोलत होता. शुद्धीत होता. मी विचार केला, बाहेर राहिलं तर मुलीवर खटला आणि त्या घराला काही नाही. आत आणलं तर सगळ्यांचंच निभावेल. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं."

"तो म्हणाला, ताई, मला दवाखान्यात न्या," सोनाली म्हणाली. "माझ्याकडे बघून म्हणाला. मी म्हटलं, बाबा बघतायत ना."

"सोनाली, आत जा."

"मी सारखी तेच म्हणत होते. बाबा बघतायत."

ती आत गेली नाही. तिथेच खाली बसली.

कारखानिसांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांचा आवाज सावरला होता. "आता तुम्ही ठरवा. तुम्ही हे लिहिलंत तर कंपनी त्या बाईला एक पैसा देणार नाही. कागद मी वाचलाय, तुम्हीही वाचलाय. फाटकाबाहेर भरपाई नाही. माझ्याकडून कोर्टातून मिळवायची म्हणाल, तर किती वर्षं लागतील ते तुम्हाला माहीत आहे. आणि मी सांगतो तसं लिहिलंत, तर दोन महिन्यांत तिच्या खात्यावर रक्कम येईल. शिक्षा कोणाला करायची आहे तुम्हाला? मला की तिला?"

सोळा वर्षांत दर्शनाला अनेकांनी धमक्या दिल्या होत्या, पाकिटं पुढे केली होती. त्या सगळ्यांना काय उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक होतं. पण या माणसाचं म्हणणं खरं होतं.

७

ती तडक टेपाच्या वाडीला गेली. सुनिता आणि चिंधी दोघींना समोर बसवून तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. मोरी, ट्रॅक्टर, सव्वा तास. पाण्याचं सांगताना ती अडखळली, पण तेही सांगितलं.

सुनितानं फक्त एवढंच विचारलं, "किती डाव मागितलं?"

"दोनदा."

मग दर्शनानं विम्याचं सांगितलं. कोणत्या कागदानं पैसे मिळतील, कोणत्या कागदानं मिळणार नाहीत. असा खोटा अहवाल तिनं आजवर कधी लिहिला नव्हता. पण या वेळी, सुनितानं सांगितलं तर, ती लिहिणार होती. तेही तिनं सांगितलं.

"मंजी तो चालवत व्हता असं लिवायचं."

"हो."

"त्यानं सोता गाडी पाडली, असं."

"हो."

सुनिताची मुलगी आश्रमशाळेत सातवीला होती. तिचं दप्तर भिंतीच्या खुंटीला लटकत होतं. सुट्टीला आली ती बापाच्या दिवसांसाठी थांबली होती आणि आता बोअरिंगवर हंडा भरत होती. सुनितानं तिच्याकडे पाहिलं.

"पैशे नकोत असं नाय म्हनत मी," ती म्हणाली. "मला गरज हाय. उद्या काय शिजवायचं मला ठाव नाय. पन ती शिकलेली हाय, ताई. मोठी झाल्यावर तो कागद वाचंल. बापाला गाडी येत नव्हती तरी हौसेनं चालवली आन मेला, असं वाचंल. आन ज्यांनी पानी दिलं नाय, ते त्या कागदात चांगले आसतील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आत्या, तुमी बोला ना कायतरी."

चिंधीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"खरं लिवा," सुनिता म्हणाली. "झालं तसं."

दर्शनानं तसं लिहिलं. अकरा पानं, छायाचित्रं, सदरा, फोनची नोंद, कोंडाजीचा अंगठा. एक प्रत कंपनीला आणि एक पोलिसांना. कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चार ओळींचं होतं. अपघात विमाक्षेत्राबाहेर घडल्यामुळे दोन्ही दावे नामंजूर.

८

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे.

गुन्हा नोंदवला गेला. बाप-लेकींना चार दिवसांत जामीन मिळाला. कोंडाजीचा मुलगा वसाहतीत नळदुरुस्तीच्या कामाला होता, त्याचं काम सुटलं. नंतर ते पुन्हा लागलं, आणि त्याच महिन्यात कोंडाजीनं कोर्टात सांगितलं की आपण फाटकावर होतो, काही पाहिलं नाही, अंगठा कशावर घेतला ते माहीत नाही. तो दर्शनाच्या शेजारून गेला तेव्हा त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली होती. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात कारखानीस झोपेत गेले आणि त्यांच्यावरचा खटला त्यांच्याबरोबर संपला. चौदा नंबरचा बंगला विकला गेला. सोनालीवरचा खटला चालू राहिला. भरपाईचा दावाही चालू राहिला. चालू म्हणजे तारखा पडत होत्या.

त्या डिसेंबरात दर्शना साक्षीसाठी कर्जतच्या कोर्टात गेली. सुनिता व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. ती आता कुंभिवलीला एका गोदामात खोकी भरायला जात होती. वाडीतून पहाटे निघून दोन जीपगाड्या बदलून जायची. मुलीनं आठवीनंतर शाळा सोडली होती. म्हातारीकडे बघायला कोणीतरी हवं होतं.

"चिंधीआजी कशा आहेत?"

"हाय. उठत नाय फारशी."

समोरच्या बाजूला सोनाली एकटी बसली होती. केस पिकले होते. तिनं एकदा इकडे पाहिलं, उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसली.

वकिलांपैकी एक आले नव्हते. साडेबाराला नाव पुकारलं आणि दोन मिनिटांत पुढची तारीख पडली. एप्रिलची. दर्शनाची साक्ष झाली नाही.

दोघी पायऱ्या उतरून झाडाखाली उभ्या राहिल्या. सुनितानं पिशवीतून भाकरीची पुडी काढली, अर्धी दर्शनाला दिली. दोघींनी उभ्यानंच खाल्ली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"मी तवा खोटं लिवा म्हनले असते तर बरं झालं असतं ना?"

दर्शनानं रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटलेल्या मुली रस्त्यानं घोळक्यानं जात होत्या.

"पोरगी शिकली असती," ती म्हणाली.

"हां." सुनितानं मान डोलावली, जणू तिला हेच ऐकायचं होतं आणि ऐकवतही नव्हतं. "मी पन तेच म्हनते सोताशी."

नाक्यावर कुंभिवलीकडे जाणारी जीप भरत आली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दुपारच्या पाळीला पोचलं नाही तर अर्धा खाडा लागला असता. सुनितानं पुडीचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि धावत जाऊन मागच्या दारात जागा धरली. आत जागा नव्हती. ती पायरीवर उभी राहिली, वरच्या दांडीला धरून.

दर्शनाला हाक मारून तिला आत बसायला सांगावंसं वाटलं. पण जीप निघाली होती.